गुरुवारची फेरी

(कराची. दुपारचे दोन. सदरहून क्लिफ्टनच्या समुद्राकडे जाणारी मिनीबस. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बायकांच्या जागा, मध्ये लोखंडी जाळी, जाळीच्या मागे पुरुष.)

गुल : या खाला, या. सांभाळून चढा. कुठे होतात इतके दिवस? सहा गुरुवार झाले. मी ड्रायव्हरला म्हणत होतो, खालांनी दुसरी गाडी धरली वाटतं.

रईसा : भाऊ, तुमचं काहीतरी चुकतंय.

गुल : खिडकीजवळ बसा, तुमच्या नेहमीच्या जागेवर. बाजी, तुम्ही जरा सरका, या खालांची जागा आहे ती.

रईसा : मी ती नाही.

गुल : कोण नाही?

रईसा : तुम्हाला वाटतेय ती. मी तिची धाकटी बहीण. मीरपूरखासची. तोंडावळा सारखाच आहे आमचा, आणि चादर तर तिचीच घेतलीय अंगावर. आपा गेली, भाऊ. बेचाळीस दिवस झाले.

गुल : गेली म्हणजे गावाला?

रईसा : नाही.

गुल : या अल्ला.

रईसा : भाऊ, दांडा धरा. पडाल खाली.

गुल : म्हणजे परवा चाळिसावाही होऊन गेला. आणि मला कोणी सांगितलं नाही. मी इथे दर गुरुवारी त्यांची खिडकी पुसून ठेवत होतो.

रईसा : तुम्ही कोण पण?

गुल : मी कोणी नाही. मी कंडक्टर.

रफाकत : गुल? अरे, गुल बादशाह ना तू?

गुल : उस्ताद. तुम्ही मागून चढलात का? मी बघितलंच नाही. सलाम उस्ताद. मला आत्ताच कळलं. आत्ता, या पायरीवर उभा असताना.

रफाकत : तुझा नंबर नव्हता माझ्याकडे. लाइन सोडल्यावर कोण कोणाला कळवतं? बस, झालं ते. हृदय थांबलं. दोन दिवस दवाखान्यात होती, तिसरा दिवस नाही. गुल, ही माझी मेहुणी. रईसा, हा गुल. अकरा वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर होता. मग या लाइनवर आला.

रईसा : आमची ओळख झालीय. हे आपाला ओळखतात.

रफाकत : हा कसा ओळखेल?

गुल : नाही ओळखत, उस्ताद.

रईसा : आत्ता म्हणालात की नेहमीची जागा.

गुल : सगळ्याच बायकांना म्हणतो. बरं वाटतं त्यांना.

रईसा : सहा गुरुवार कोण मोजत होतं मग?

गुल : कँट स्टेशन, कँट स्टेशन. उतरणारे दाराशी या. उस्ताद, तुम्ही बसा ना मागे निवांत. जाळीला का लटकताय?

रफाकत : मागे बसवत नाही मला. अडतीस वर्षं पुढे बसलो. मागून रस्ताच दिसत नाही. आणि हा पोरगा बघ कसा चालवतोय, गिअर टाकतोय की लाकूड फोडतोय.

रईसा : दूल्हाभाई, गाडीचं राहू दे. तुम्ही मला आज कराची दाखवायला निघालात ना? सकाळपासून तुमचं तोंड असं की मला दाखवायला नेताय की पोहोचवायला, तेच कळत नाही.

रफाकत : दाखवतोय की. हे बाहेर आहे ते सगळं कराचीच आहे.

रईसा : आपा याहून बरं दाखवायची. तेही फोनवर. ती म्हणायची, पूल चढला की समुद्राचा वास आधी येतो, समुद्र नंतर. म्हणायची, समुद्राजवळच्या जुन्या महालाचा दगड सकाळी वेगळा दिसतो, संध्याकाळी गुलाबी. मागच्या आवारात इंग्रजांची राणी दगडाची होऊन उभी आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही म्हणून मी बघून येते, असं म्हणायची. आणि दर वेळी शेवटी, तुझ्या दूल्हाभाईंना सवडच नसते ग, तरी वेळ काढतात. मी आमच्या यांना टोमणे मारायचे, बघा, बसचा ड्रायव्हर असून बायकोला हिंडवतात, तुम्ही आंब्याच्या बागेबाहेर पाऊल टाकत नाही.

रफाकत : रईसा, तुला एक सांगायचंय. घरी सांगवलं नाही, पाहुणे होते.

रईसा : सांगा.

रफाकत : तिनं समुद्र बघितलाच नव्हता.

रईसा : काहीतरी बोलू नका.

रफाकत : छत्तीस वर्षांत मी तिला एकदाही आणलं नाही. पहाटे पाचला गाडी काढायची, रात्री उशिरा लावायची. सुटीच्या दिवशी ती म्हणायची, जाऊ या कुठेतरी, तर मला बसचं नाव नको व्हायचं. मी म्हणायचो, पाणी आहे ते, त्यात काय बघायचं? नोकरी संपली त्या आठवड्यात परत म्हणाली. आता तरी चला. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, रस्ता सुटला एकदाचा, पुन्हा रस्त्यावर काढू नकोस. त्यानंतर ती बोलली नाही कधी.

रईसा : मग फोनवर मला जे सांगायची ते?

रफाकत : रचून सांगायची. मी जेवताना रस्त्यातलं कधी चार शब्द बोलायचो, त्यात भर घालून तुला सांगत असणार. माहेरी माझी मान खाली जाऊ नये म्हणून. बेचाळीस दिवस लोक येऊन सांगतात, मोठी नेक बाई, मोठी शांत बाई. मी मान हलवतो आणि आत एकच चाललेलं असतं. या बाईला मी चार भिंतींत ठेवली आणि ती वर माझ्यासाठी खोटं बोलली. हे घेऊन मी उरलेले दिवस कसे काढायचे, ते मला कळत नाही.

रईसा : दूल्हाभाई.

रफाकत : तुला म्हणून आणलं आज. म्हटलं, तिला नाही तर तिच्या बहिणीला तरी दाखवू.

गुल : तीन तलवार. तीन तलवार चौक आला. उतरा, उतरा, म्हातारबाबांना आधी उतरू द्या. चल, जाऊ दे. उस्ताद.

रफाकत : काय?

गुल : मी एक बोललो तर तुम्ही मला माराल.

रफाकत : गाडीवर होतास तेव्हा मारलं असेल एखाद-दोनदा. आता या जाळीतून हात जात नाही.

गुल : अकरा वर्षं मी तुमच्या शेजारी उभा होतो. माझ्या बायकोचं नाव काय, तुम्ही कधी विचारलंत?

रफाकत : ते विचारतात का कोणी? वेडा आहेस का?

गुल : मला मुली किती, ते विचारलंत?

रफाकत : नाही. शोभत नाही ते.

गुल : बरोबर. कोणाच्या घरच्या बाईचा विषय त्याच्यापुढे काढायचा नाही. माझ्या बापानं मला कराचीला पाठवताना दोन गोष्टी शिकवल्या, त्यातली ही एक. मग सांगा उस्ताद, खाला दर गुरुवारी माझ्या गाडीत असतात, हे मी कोणत्या तोंडानं तुम्हाला सांगणार होतो?

रफाकत : कोण असतात?

रईसा : अल्ला. मला वाटलंच होतं.

गुल : चौदा वर्षं. आधी महिन्यातून एकदा, मग दर गुरुवारी. पहिल्या दिवशी भाडं पुढे केलं त्यांनी. मी ओळखलं, ईदला तुमच्या दारात मला शेवया दिल्या होत्या. मी म्हटलं, खाला, स्टाफ. ड्रायव्हरच्या घरच्यांकडून भाडं घेणारा कंडक्टर अजून जन्मला नाही. त्या म्हणाल्या, स्टाफ म्हणजे काय? मी सांगितलं. म्हणाल्या, सगळ्या लाइनवर चालतं? मी म्हटलं, सगळ्या. झालं. मग त्यांनी कराची सोडली नाही.

रईसा : मला म्हणाली होती ती. बसमध्ये कोणी भाडं मागितलं तर नुसतं 'स्टाफ' म्हण. मला वाटलं, दुवा आहे काहीतरी.

रफाकत : गुल, तू कोणा दुसऱ्या बाईला माझी कनीज समजतोयस.

गुल : डाव्या भुवईवर तीळ. पुदिना घालून पाणी आणायच्या बाटलीत. बाटलीचं बूच हिरवं, बाटली निळी.

रफाकत : ती बाटली अजून आमच्या घरात आहे.

रईसा : बसा तुम्ही दूल्हाभाई. ओ भाऊ, त्यांना जागा द्या जरा, वयस्कर आहेत.

रफाकत : गुरुवारी ती मीलादला जायची.

रईसा : दर गुरुवारी?

रफाकत : म्हणायची, आज अमक्याकडे मीलाद आहे, पैगंबरांची स्तुती म्हणायला बोलावलंय.

रईसा : बारा महिने, दर गुरुवारी, कोणा ना कोणाकडे मीलाद. तुमच्या मनात कधी काही आलं नाही?

रफाकत : मला वाटलं, आपला मोहल्ला फार धार्मिक आहे.

गुल : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई असायच्या बरोबर. कधी एकट्या. प्राणीबागेकडच्या गार्डनच्या लाइनवाल्याला, बंदराकडच्या केमाडीच्या लाइनवाल्याला, सगळ्यांना मीच सांगून ठेवलं होतं, अशा-अशा बाई दिसल्या की स्टाफ.

रफाकत : म्हणजे सगळ्या कराचीला ठाऊक होतं.

गुल : सगळ्या नाही. सतरा-अठरा कंडक्टर. आणि उंटवाला.

रईसा : उंटवाला कोण?

गुल : चला, उतरा. शेवटचा स्टॉप. माझी गाडी पाऊण तास उभी असते इथे. चहा पिऊ, दाखवतो.

*

रईसा : वास आधी आला. पुलावर. ती म्हणाली होती तस्साच.

रफाकत : किती मोठा आहे हा.

रईसा : तुम्ही काय पहिल्यांदा बघताय?

रफाकत : काचेतून बघितला होता. वळण घेताना. वळण घेताना समुद्राकडे बघणारा ड्रायव्हर फार दिवस टिकत नाही.

रईसा : चपला काढा. ओल्या होतील.

रफाकत : थांब. ही वाळू.

रईसा : काय झालं वाळूला?

रफाकत : ही काळसर आहे. बारीक. ही मी ओळखतो. आमच्या मोरीत असायची, उंबऱ्यात असायची, तिच्या चपलांत. गुरुवारी रात्री हमखास. मी हनीफ टेलरशी भांडलो होतो हिच्यावरून.

गुल : हनीफ कोण?

रफाकत : शेजारी. त्याचं वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं, सहा वर्षं चाललं ते. मी त्याच्या दारात जाऊन ओरडलो, तुझी वाळू माझ्या घरात येते, माझी बायको झाडून झाडून थकते. तो म्हणाला, माझी वाळू पिवळी आहे. मी म्हणालो, मला रंग शिकवतोस? चार वर्षं बोललो नाही आम्ही.

रईसा : आणि आपा काय म्हणाली तेव्हा?

रफाकत : पडद्याआड होती. पाठ फिरवून उभी, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. म्हणून मी आणखी दोन शब्द जास्त बोललो त्याला.

रईसा : हसत होती ती, दूल्हाभाई.

रफाकत : आता कळलं मला.

रईसा : अहो, त्याच हनीफची बायको बरोबर असायची ना? शिवणकाम करणारी?

रफाकत : म्हणजे तीही पडद्याआड हसत असणार, पलीकडच्या घरात. आणि आम्ही दोघं गडी मध्ये रस्त्यात वाळूवरून एकमेकांची गचांडी धरतोय.

गुल : उस्ताद, चहा घ्या.

रफाकत : परवा चाळिसाव्याला जेवणाच्या देगीशी हनीफच उभा होता सकाळपासून. मी त्याला नीट बस पण म्हटलं नाही. गुल, अजून सांग.

गुल : काय सांगू?

रफाकत : काहीही. बेचाळीस दिवस सगळे मला मला माहीत असलेलंच सांगतायत. ती रोट्या कशा करायची, नमाज कशी पढायची. तू नवीन सांगतोयस. काय करायची ती इथे?

गुल : हसायच्या. मोठ्यानं.

रफाकत : कनीज? मोठ्यानं?

गुल : त्या टपरीपर्यंत ऐकू जायचं. भुट्टा घ्यायच्या, मसाला जास्त, लिंबू दोनदा. पाण्यात घोट्यापर्यंत जायच्या, लाट आली की पळायच्या, पुन्हा जायच्या. आणि बाहेरगावच्या बायका गाडीत भेटल्या, पंजाबच्या, सख्खरच्या, की त्यांना सगळं समजावून सांगायच्या. हा दर्गा, हा महाल, हे अमकं. चौकातल्या त्या तीन दगडी तलवारींचंही सांगायच्या, तीन भाऊ होते, जमिनीवरून भांडले, मग आईनं तिघांच्या तलवारी काढून घेऊन चौकात गाडल्या.

रईसा : असं आहे ते? मला नव्हतं माहीत.

रफाकत : असं काही नाही ते.

गुल : नाही? मी दहा वर्षं प्रवाशांना तेच सांगतोय.

रफाकत : ते मी सांगितलं होतं तिला. लग्नानंतरची गोष्ट. तिनं विचारलं, त्या तलवारी कशाच्या? मी जेवत होतो, भूक लागली होती. म्हणालो, तीन भाऊ भांडले. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मग आईनं काढून घेतल्या. आता जेवू दे.

रईसा : आणि तिनं ते सगळ्या मुलखाला वाटलं.

रफाकत : खरं मानलं तिनं.

रईसा : नाही हो. तिला ठाऊक होतं. मला म्हणाली होती एकदा, तुझे दूल्हाभाई बोलत नाहीत फार, पण बोलले तर असं बोलतात की चौकातल्या तलवारींना आई मिळते.

रफाकत : असं म्हणाली?

रईसा : हो. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, आपाला ताप आलाय.

रफाकत : रईसा, मग ती मला का नाही बोलली? मी बोललो असतो का काही?

रईसा : ते मला काय विचारता? एकदा मी तिला विचारलं होतं, प्राणीबागेतल्या खेळातली ती अर्धी बाई, अर्धी कोल्हीण, लोकांचं भविष्य सांगते ती, तिला तू काय विचारतेस? म्हणाली, दर वेळी एकच. नवरा कधी येईल बरोबर? आणि कोल्हीण दर वेळी म्हणते, गाडी हातून सुटली की येईल. मला तेव्हा थट्टाच वाटली.

रफाकत : गाडी सुटली, तरी नाही आलो.

रईसा : नाही आलात. ते मी पुसून टाकणार नाही, तुम्हीही टाकू नका. पण तुम्ही आला नाहीत म्हणून ती बसून राहिली नाही, एवढं तरी ऐका. तुम्ही बेचाळीस दिवस जिच्यासाठी रडताय, ती चार भिंतींतली बाई या जगात नव्हतीच. माझी बहीण इथे होती, लिंबू दोनदा लावून.

गुल : उस्ताद, तो बघा आला. लाल झूल, गोंड्यांची. हाच उंटवाला. तुमच्याकडेच बघतोय.

रफाकत : हात का वर करतोय तो?

गुल : बाजींना बघून. खालाच समजतोय त्यांना. थांबा, मी सांगून येतो त्याला.

रफाकत : तू राहू दे. मी जातो. माझी बायको होती, मी सांगितलं पाहिजे.

*

रईसा : खूप वेळ बोललात त्याच्याशी. काय म्हणाला?

रफाकत : रडला थोडा. मग म्हणाला, बसा. मी म्हटलं, माझी कंबर. म्हणाला, त्यांचीही कंबर धरायची, त्या बसायच्या. आता काय बोलणार? धर, माझ्या चपला धर.

गुल : उस्ताद, मागे झुका. आणखी मागे. मागे. हा मागून उठतो आधी.

रफाकत : सांगायचं असतं ना आधी. हा कोणत्या गिअरमध्ये उठला?

रईसा : घट्ट धरा, दूल्हाभाई. उंटावरून पडलात तर चाळिसाव्याच्या देगी अजून परत गेल्या नाहीत, तेवढंच बरं.

रफाकत : जिभेला हाड नाही तुझ्या. बहीण शांत आणि तू अशी.

रईसा : शांत कोण ते कळलं आज.

रफाकत : गुल, याला सांग, डावीकडे नको. उतार आहे तिकडे. आणि वळताना मागे बघत जा म्हणावं, घोडा येतोय.

गुल : तुम्ही गाडी चालवत नाही आहात, उस्ताद. पाय सैल सोडा.

रईसा : कसं वाटतंय वर?

रफाकत : वरून लांबपर्यंत दिसतं. ते जहाज आहे का, त्या तिथे? हसतेस काय? ए, मी विचारतोय काहीतरी. हसू नकोस, मला पण येतंय हसू, मग पडेन मी.

गुल : बघा, टपरीपर्यंत ऐकू गेलं.

*

गुल : माझी वेळ झाली. दहा मिनिटांत गाडी काढायचीय. बाजी, तुमची रेल्वे किती वाजता?

रईसा : सातला. कँटला सोडा आम्हाला, मी तिथे थांबते, हे घरून सामान घेऊन येतील. मला महाल बघायचा होता, पण होतं असं. आंब्याच्या दिवसांत काही निघता येत नाही, मग थंडीत येईन. तोवर यांना सांगा, रोज घरात भिंतीकडे बघत बसायचं नाही.

रफाकत : गुल, तुझ्या बायकोचं नाव काय?

गुल : उस्ताद?

रफाकत : विचारतोय. नको सांगूस वाटलं तर.

गुल : जरमीना. आणि मुली चार.

रफाकत : कधी आणलंस त्यांना इकडे?

गुल : त्या गावाला असतात, वर डोंगरात, दीर नावाच्या मुलखात. सुटी मिळते कुठे? आणि इथे येऊन तरी काय, पाणीच...

रफाकत : बोल ना. अर्ध्यावर का थांबलास?

गुल : नाही. काही नाही. ईदला बघतो.

रईसा : बघतो नाही. आणतो म्हणा.

गुल : आणतो. उस्ताद, तुम्ही पुढच्या गुरुवारी येता का? गाडी हीच, वेळ हीच. बसावं मात्र मागेच लागेल.

रफाकत : मागे बसेन. हनीफला घेऊन येतो, त्याला ही वाळू दाखवायचीय.

रईसा : आपाचं काही बघायचं राहिलं होतं का, भाऊ? म्हणाली होती का कधी, हे राहिलं, ते राहिलं?

गुल : नाही. त्यांचं सगळं बघून झालं होतं. काही-काही तर दहा-दहा वेळा.

रफाकत : माझं राहिलंय. महाल आतून बघितला नाही. ती दगडाची राणी बघितली नाही. प्राणीबाग नाही. केमाडीहून बोटीत कधी बसलो नाही. अडतीस वर्षं या सगळ्याच्या समोरून गाडी नेली मी. आज एक समुद्र झाला.